रायसाला ऐकू आलं पाहिजे

सोलो वाजवणारा माणूस सापडेना.

सगळा वाद्यवृंद रंगमंचावर येऊन बसला होता. ओबोवाल्याने सूर दिला, सगळ्यांनी आपापली वाद्यं लावून घेतली, प्रेक्षक खोकून-खाकरून गप्प झाले. आणि इकडे पडद्यामागे कंडक्टर वलेरियान बोरिसोविच हातात काडी घेऊन येरझाऱ्या घालत होते. "अहो, आपला लुक्यान देरकाच गेला कुठे? आत्ता तर इथे टाय सारखा करत होता!" व्यवस्थापक बाई आधी स्वच्छतागृहापर्यंत धावल्या, मग मागच्या जिन्यापर्यंत. यारिना नखं खात उभी होती. कॉन्चेर्तो तिने लिहिलेला, त्यासाठी कीवहून पोल्ताव्हाला आलेली, आणि आता वाजवणाराच बेपत्ता!

शेवटी तिनेच पडद्याच्या फटीतून बाहेर डोकावलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

लुक्यान देरकाच आपल्या जागेवर बसला होता. शेवटच्या रांगेत, नगाऱ्यांच्या आडोशाला, उंच स्टुलावर, माणसाहून उंच डबल बेस अंगाशी धरून, इतरांसारखाच पडद्याकडे बघत. चौतीस वर्षं ज्या दाराने आत यायचं त्याच दाराने तो सगळ्यांबरोबर आला होता आणि चौतीस वर्षं जिथे बसायचं तिथे बसला होता. आता सोलो वाजवणारा कधी येतो याची तोही वाट बघत होता म्हणा ना!

शेजारच्या स्टुलावर म्हातारा तिमोफी. त्याने कोपराने ढोसलं. "लुक्यान, आज तुला पुढे जायचंय ना रे?"

"अरे देवा!" लुक्यान ताडकन उठला. "मग इतका वेळ बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, आधी बसायचं आणि मग उठून जायचं अशी काही नवीन पद्धत निघाली असेल."

मग जी मिरवणूक निघाली ती बघण्यासारखी होती. एवढं मोठं धूड छातीशी धरून लुक्यान व्हिओलांमधून, चेलोंमधून वाट काढत पुढे येऊ लागला. "सांभाळा हं... पाय घ्या जरा... माफ करा, माफ करा." एक नोटेशनचा स्टँड कलंडला, कागद उडाले. प्रेक्षकांत खसखस पिकली. सातव्या रांगेच्या टोकाला बसलेली एक जाडजूड बाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाली, "माझाच आहे हो तो. घरीपण असंच."

ती रायसा. लुक्यानची बायको.

रायसा ट्रॉलीबस चालवायची. तिला संगीतातलं कळायचं नाही आणि कळतं असं दाखवायची खोडही नव्हती. लग्नानंतर ती पहिल्यांदा नवऱ्याचा कार्यक्रम ऐकायला गेली, तेव्हा घरी आल्यावर लुक्यानने मोठ्या आशेने विचारलं होतं, "कसं झालं?"

"छान झालं. पण तू ऐकू आला नाहीस."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? ती व्हायोलिनं ऐकू आली, पिपाण्या ऐकू आल्या, तो ढोलवाला तर दणकून ऐकू आला. तू हात हलवत असशील, नाही कशाला म्हणू? पण ऐकू नाही आलास."

"अगं, आम्ही खाली असतो. सगळ्यांच्या खाली."

"खाली म्हणजे कुठे? तळघरात?"

त्या दिवसापासून घरात तो रिवाजच पडला. कार्यक्रम संपवून लुक्यान घरी यायचा, रायसा बोर्श्च, म्हणजे बिटाचं सूप, गरम करायची, लुक्यान विचारायचा, आणि ती पळीने वाढत सांगायची, "छान. तू सोडून सगळे ऐकू आले." त्यात कुजकेपणा नव्हता. बाईला खोटं बोलता येत नव्हतं, एवढंच. लुक्यान हसायचा, पावाला लसूण चोळायचा आणि जेवायचा. पण खरं सांगायचं तर त्याला ते लागायचं. सगळ्या शहराने ऐकलं नाही तरी चालेल, घरच्या माणसाला तरी आपण ऐकू यावं की नाही?

यारिना त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर वाढलेली पोर. लपाछपी खेळताना ती डबल बेसच्या पेटाऱ्यात जाऊन बसायची आणि सगळी इमारत तिला हुडकत फिरायची. पुढे ती शिकली, संगीत लिहू लागली, नाव झालं. गेल्या हिवाळ्यात ती आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मांडी ठोकून म्हणाली, "काका, मी तुमच्यासाठी कॉन्चेर्तो लिहिणारे. तुम्ही एकटे पुढे, वाद्यवृंद मागे."

"गंमत करतेस का म्हाताऱ्याची? कपाटाला कुणी पुढे आणतं का?"

इमारतीत त्याच्या वाद्याला सगळे कपाटच म्हणायचे.

"हल्ली खूप जण लिहितायत या वाद्यासाठी. कीवमध्ये, ल्विवमध्ये, खार्किवमध्ये. लोकांना आता असलाच आवाज ऐकावासा वाटतो काका. बारीक, गोड आवाजांवरून मन उडालंय त्यांचं."

लुक्यानने नाही म्हटलं, मग बघू म्हटलं, मग कागद मागवून घेतले. आणि कागद बघितल्यावर गडी पेटला. एकट्याने वाजवायचं तर वाद्याला बारीक तारा चढवाव्या लागतात आणि त्या नेहमीपेक्षा एक सूर वर ओढाव्या लागतात, म्हणजे आवाज गर्दीतून वर येतो. तशा तारा त्याने आयुष्यात पहिल्यांदा चढवल्या. वाद्य जुनं, वरच्या फळीला बारीक चीर गेलेली. तारा ओढताना ती करकरली. पण टिकली.

सराव करायचा तो रायसा ट्रॉलीबसवर असताना. ती घरी आली की वाद्याला खोळ चढायची.

"दिवसभर काय करतोस रे? घरभर गजाच्या राळेचा भुगा पडलाय."

"करतो काहीतरी."

तिने पहिल्यांदा ऐकायचं ते सभागृहातच, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. उन्हाळ्यात तो निवृत्त होणार होता. टाळ्या पडोत न पडोत, वर्तमानपत्रात काही येवो न येवो, एकदा रायसाला ऐकू आलं पाहिजे. बस्स. त्यापलीकडे त्याचं काही मागणं नव्हतं.

तर असा हा लुक्यान अखेर पुढे येऊन उभा राहिला. दिवस अजून उजेडाचा होता. युद्धातल्या संचारबंदीमुळे कार्यक्रम हल्ली चार वाजताच सुरू व्हायचे. वीज गेलेली, बाहेर जनरेटर धडधडत होता. कंडक्टरनी त्याच्याशी हात मिळवला आणि ते पुटपुटले, "आलात एकदाचे. उपकार झाले."

लुक्यानने डोळे मिटले आणि गज तारेवर ठेवला.

सुरुवात त्याची एकट्याचीच होती. सगळ्यात खालच्या तारेवर एक लांबलचक सूर, मग त्यातून दुसरा, मग जिना चढावा तसे एकेक वर. मघाशी हसणारे लोक पुढे वाकून बसले. एवढ्या अवजड वस्तूतून माणसाच्या गळ्यासारखा आवाज निघतो हे कित्येकांना ठाऊकच नव्हतं. लुक्यानला घाम फुटला होता, डाव्या हाताचा अंगठा तारेवर दाबून दाबून सुन्न झाला होता, पण आत कुठेतरी तो अगदी शांत होता. एकदाच त्याने डोळे उघडून सातव्या रांगेकडे बघितलं. रायसा हसत नव्हती. ट्रॉलीबस चालवताना समोरच्या रस्त्याकडे बघते तशी बघत होती.

वाद्यवृंदाला सोबत घेत पहिला भाग संपला. आणि कंडक्टर दुसऱ्यासाठी हात उचलणार तोच हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला.

सभागृहातून एक सामुदायिक उसासा आला. घाबरून नव्हे, वैतागून. व्यवस्थापक बाई पुढे आल्या आणि सवयीने घडाघडा बोलल्या, "कृपया सर्वांनी तळघरात चला. तासाच्या आत धोका टळला तर थांबलो तिथून पुढे सुरू करू. नाही टळला तर तारीख कळवू." लोक उठले. व्हायोलिनं पेट्यांत गेली, पेट्या काखेत गेल्या, बासरीवाले खिशात घातल्यासारखी बासरी घेऊन चालू लागले. तिमोफीने आपला डबल बेस भिंतीला टेकवला, त्याच्यापुढे हाताने क्रॉसची खूण केली आणि काठी टेकत गेला.

यारिना दारात थांबली. "काका?"

"तू हो पुढे. मी आलोच."

तो येणार नव्हता. तळघराचा जिना गोल आणि अरुंद, त्यातून डबल बेस उतरत नाही. आणि वाद्य वर टाकून आपण खाली जाऊन बसायचं, हे लुक्यानच्या तत्त्वात बसत नव्हतं. भोंगा वाजला की तो वाद्य दोन भिंतींच्या आड, मागच्या बोळात नेऊन तिथेच बसायचा. व्यवस्थापक बाई ओरडून ओरडून थकल्या होत्या आणि आता बघून न बघितल्यासारखं करायच्या. घरी त्याने सांगून ठेवलं होतं, 'सगळ्यांबरोबर खाली जातो.'

त्याने वाद्य उचललं आणि मागून आवाज आला, "खाली जातोस ना रे तू?"

रिकाम्या सभागृहात सातव्या रांगेच्या टोकाला रायसा बसलेली होती. कोट अंगात, पर्स मांडीवर.

"रायसा! तू का बसलीस इथे? जा की खाली!"

"आधी उत्तर दे. खाली जातोस ना?"

"हा... आज जरा..."

"आज जरा! म्हणजे दोन वर्षं तू वर बसतोस आणि मला सांगतोस खाली जातो! वर तोंड करून! तळघरात चहा मिळतो म्हणून सांगितलंस, बिस्किटंसुद्धा मिळतात म्हणालास!"

"बिस्किटं मिळतात. तिमोफी आणून देतो मला."

"घाला चुलीत तुमची बिस्किटं!"

लुक्यानही काही कमी नव्हता. "आणि तू गं? भोंगा झाल्यावर लोकांना उतरवतेस आणि स्वतः निवाऱ्यात जातेस ना?"

रायसाने पर्सची चेन उघडली, लावली.

"बोल की."

"गाडी कोण बघणार मग? भर रस्त्यात उभी असते. कुणी आरसा काढून नेला म्हणजे?"

"म्हणजे तूही!"

"ओरडू नकोस. आवाज घुमतो इथे."

मग लुक्यानला हसू आलं आणि ते बघून तिलाही आलं. हे असं खोटं चाललं होतं तर! बाईला खोटं बोलता येत नाही म्हणून तो इतकी वर्षं समजून चालला होता.

दूर कुठेतरी धप्प आवाज झाला. खिडक्यांच्या काचा किंचित थरथरल्या. रायसाने वर छताकडे बघितलं आणि परत खाली.

लुक्यानने घसा साफ केला. विचारू की नको असं झालं होतं त्याला. "बरं... ते... ऐकू आलो का मी?"

"आलास की. बहिरी आहे का मी? तू एकटाच तर पुढे होतास."

"मग? कसं वाटलं?"

रायसाच्या कपाळाला आठी पडली होती. गाडीत काहीतरी खडखडतंय आणि काय ते कळत नाही, अशा वेळी पडायची तशी.

"तू चांगला होतास," ती म्हणाली. "चांगला म्हणजे... मला रडू आलं मध्येच, जाऊ दे ते. पण ते मागचे बाकीचे आज असं काय वाजवत होते रे? पोकळ. पोकळ वाटत होतं सगळं. दर वेळी असतं तसं नव्हतं. खालून काहीतरी काढून घेतल्यासारखं. आजारी-बिजारी आहेत का?"

"कुणी आजारी नाही. तेच सगळे आहेत."

"मग कमी कोण आहे?"

लुक्यानने मागे वळून बघितलं. शेवटच्या रांगेत पूर्वी डबल बेसवाले चौघे असायचे. दोघे सैन्यात गेले. राहिले तिमोफी आणि तो. आणि आज तो इथे पुढे उभा होता, म्हणजे मागे तिमोफी एकटा, ज्याचा हात आता थरथरतो.

"मीच," तो म्हणाला. "मी नव्हतो मागे."

हळूहळू रायसाचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे ते जे असायचं ना दर वेळी," ती म्हणाली, "पोटात, पायाखाली... मला वाटायचं ते सभागृहाचंच आहे. तो तू होतास?"

"मी आणि बाकीचे तिघे."

"मग सांगायचं नाही का मला, मूर्खा? इतकी वर्षं मी आपली म्हणतेय, तू ऐकू येत नाहीस, ऐकू येत नाहीस, आणि तू बोर्श्च ओरपतोयस!" तिने रुमाल काढला आणि जोरात नाक शिंकरलं. "जा, बोलू नकोस माझ्याशी. पुढचं वाजव."

"आता? एकट्याने? वाद्यवृंद नाही, काही नाही."

"नसू दे. तसेही आज ते कुचकामीच होते. वाजव. इथे गप्प बसून त्या आवाजांचा कानोसा घेत बसायचं का?"

लुक्यानने वाद्य पुन्हा उभं केलं, टोकाची खुंटी फळीत रोवली आणि दुसरा भाग सुरू केला. हा भाग संथ होता. यारिनाने कागदावर वर लिहिलं होतं: 'अस्वस्थ'. मध्ये मध्ये जिथे वाद्यवृंदाने उत्तर द्यायचं होतं तिथे तो नुसताच थांबायचा, मनात मोजायचा आणि पुढे जायचा. त्या थांब्यांत जनरेटरची धडधड ऐकू यायची. तो मन लावून वाजवत होता. आयुष्यात पहिल्यांदाच एकट्या रायसासाठी.

एका थांब्यात त्याने वर बघितलं. रायसाची मान एका बाजूला कलली होती. तोंड किंचित उघडं, पर्स मांडीवरून घसरून खाली पडलेली.

क्षणभर त्याला वाईट वाटलं. हे काय! इतक्या वर्षांनी ऐकू आलो आणि बाई झोपली? पण मग त्याच्या लक्षात आलं. देम्यान, त्यांचा मुलगा, आघाडीवर गेल्यापासून रायसा पलंगावर झोपलेली नव्हती. रात्रभर खुर्चीत बसायची, फोन मुठीत धरून. डोळा लागला तरी किटली शिटी घालायला लागली की दचकून उठायची. पहाटे तशीच ट्रॉलीबसवर. त्याने समजावलं होतं, रागावला होता, डॉक्टरांच्या गोळ्या आणल्या होत्या. कशाचा उपयोग झाला नव्हता. आणि आता ती झोपली होती. अगदी लहान पोरासारखी, घोरतही होती थोडीशी.

लुक्यान थांबला नाही. शेवटाला आला तसा परत पहिल्यापासून सुरू झाला, आणखी हळू.

तासाच्या आतच धोका टळल्याचा भोंगा वाजला. चांगला लांबलचक, कान किटवणारा. रायसा हललीसुद्धा नाही.

जिन्यावर पावलं वाजली, दार ढकललं गेलं, बोलण्याचा गलका आत आला. लुक्यानने गज न थांबवता मान जोरजोरात हलवली आणि डोळ्यांनी सातव्या रांगेकडे खूण केली. पुढे असलेल्या व्यवस्थापक बाई जागच्या जागी थबकल्या. त्यांनी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. ते बोट मग एकाकडून दुसऱ्याकडे जात जात पार जिन्याखालपर्यंत गेलं. लोक चवड्यांवर आत आले. कोट सांभाळत, खुर्च्या न वाजवता बसले. कुणीतरी विचारलं, कोण आहे ती, आणि कुणीतरी कुजबुजलं, "अगं, ती ट्रॉलीबसवाली आपली." पोल्ताव्हात तिच्या गाडीत न बसलेला माणूस विरळा.

वाद्यवृंद आपापल्या जागी सरकला. तिमोफी आपल्या स्टुलावर चढला, ऐकत राहिला, कुठे आलंय ते बघितलं आणि योग्य ठिकाणी खालचा सूर हलकेच दिला. मग चेलो आले, मग व्हिओला. कंडक्टरनी काडी बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी वाजवून घेतलं. दुसरा भाग असा सगळ्यांनी मिळून संपवला आणि शेवटचा सूर विरला तरी कुणी श्वास टाकला नाही.

आता तिसरा भाग. त्याची सुरुवातच नगाऱ्यांनी होती. नगारे, तुताऱ्या, सगळे एकदम, आणि त्यांच्यावरून लुक्यानची झेप. सगळ्यात अवघड, सगळ्यात झगमगीत भाग तोच होता. चार महिने त्याने त्याच्यासाठी बोटं सोलवटून घेतली होती. नगारेवाला काठ्या हातात घेऊन उभा राहिला आणि कंडक्टरकडे बघू लागला. कंडक्टर लुक्यानकडे बघू लागले.

लुक्यानने रायसाकडे बघितलं. मग पडद्याशी उभ्या असलेल्या यारिनाकडे. कॉन्चेर्तो शेवटी तिचा होता. ती कुजबुजली, "काका, तिसरा भाग..." तिने डोळे पुसले आणि राहू दे म्हणून मान हलवली.

लुक्यानने गज खाली ठेवला.

"लुक्यान झाखारोविच, पुन्हा तारीख मिळेल का, सांगता येत नाही," कंडक्टर त्याच्या कानाशी वाकून म्हणाले. "उन्हाळ्याआधी तर..."

"माहीत आहे हो."

कंडक्टरनी वाद्यवृंदाला उठायची खूण केली.

कुणी टाळी वाजवली नाही. लोक उठून उभे राहिले, बराच वेळ नुसते उभेच राहिले, आणि मग आले तसेच चवड्यांवर बाहेर गेले. एक म्हातारी फुलं घेऊन आली होती. फुलांभोवतीचा कागद चुरचुरेल म्हणून तिने आधी तो काढून खिशात घातला आणि मग फुलं रंगमंचाच्या कडेला ठेवली. तिमोफीने जाताना लुक्यानची पाठ थोपटली. शेवटी यारिना गेली, दार हाताने धरून हळूच लावत.

लुक्यानने वाद्य फळ्यांवर आडवं केलं आणि खाली उतरून रायसाच्या उजव्या बाजूच्या खुर्चीत बसला. तिथून त्याने समोर बघितलं. इतक्या वर्षांत या बाजूने तो कधी बसलाच नव्हता. इथून त्याची जागा दिसत नव्हती. ना स्टूल, ना काही. नुसते नगारे मध्ये येत होते. तरी ही दर वेळी हाच कोपरा मागून घ्यायची आणि इथे बसून त्याला हुडकायची.

रायसाची मान घसरत घसरत त्याच्या डाव्या खांद्यावर आली. तो न हलता बसून राहिला. खांदा हळूहळू बधिर व्हायला लागला, पण त्याच बाजूला चौतीस वर्षं वाद्य रेललेलं असायचं, त्यामुळे त्याला ते काही फारसं जड वाटलं नाही.